तांबड्या मातीत तपासलेला मेटल डिटेक्टर

भूसुरुंग शोधण्यासाठी म्हणून विकले जाणारे मेटल डिटेक्टर दुकानाच्या टेबलावर ठेवलेल्या नाण्यावर सारखेच चांगले वाजतात. त्यांची खरी पारख जमिनीवर होते, आणि बेसाल्ट झिजून तयार झालेली नाशिकची माती त्यासाठी फार कडक परीक्षक आहे. सैन्याच्या अभियांत्रिकी पलटणीतून निवृत्त झाल्यावर मी तरुणांना या कामाची प्राथमिक ओळख करून देतो. त्यासाठी घेतलेल्या, पल्स पद्धतीने (म्हणजे कॉइलमध्ये, तारेच्या वेटोळ्यात, प्रवाह सोडून लगेच तोडत) चालणाऱ्या यंत्राचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण यातला मुख्य दोष एका कंपनीपुरता नाही.

एम-१४ सारख्या प्लास्टिकच्या सुरुंगात एक छोटीशी पोलादी पिन सोडली तर धातू जवळपास नसतोच. माणसांविरुद्ध पेरल्या जाणाऱ्या सुरुंगात निदान ८ ग्रॅम लोखंडाएवढा प्रतिसाद देणारा धातू असावा, असे १९९६ साली सुधारलेल्या, सुरुंगांवरच्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलने (करारपत्राने) ठरवले आणि भारताने तो स्वीकारला. परंतु त्याआधी जगभर पुरून ठेवलेल्या सुरुंगांना त्या नियमाचा काय उपयोग? म्हणून मी एका प्लास्टिकच्या डबीत ८ ग्रॅमचा लोखंडी तुकडा आणि दुसरीत नुसती पिन ठेवून दोन्ही चार बोटे खोल पुरल्या.

गंगापूरकडच्या काळ्या मातीत तुकडा खणखणीत वाजला आणि पिनही बारीक पण स्पष्ट ऐकू आली. त्र्यंबकच्या बाजूच्या तांबड्या मातीत मात्र कॉइल जमिनीजवळ नेताच हेडफोनमध्ये सलग गुणगुण सुरू झाली आणि पिन त्यात बुडाली. कॉइलमधला प्रवाह तोडल्यावर धातूत निर्माण झालेले भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह) काही क्षण टिकतात, आणि यंत्र तेच ऐकत असते. लोहयुक्त मातीतले अतिसूक्ष्म चुंबकीय कणही आपले चुंबकत्व सावकाश सोडतात, त्यामुळे यंत्राला माती आणि धातू सारखेच भासतात. जुन्या वीटभट्टीच्या जागी तर भाजलेल्या विटेचा अंगठ्याएवढा तुकडा थेट पिनेसारखा वाजला.

यावर उपाय आहे. मातीचा प्रतिसाद आणि धातूचा प्रतिसाद काळानुसार वेगवेगळ्या रीतीने ओसरतात, म्हणून एकाच क्षणी मोजण्याऐवजी अनेक क्षणी मोजून मातीचा भाग वजा करता येतो. या यंत्रात जमिनीशी जुळवून घेण्याचे बटण आहे आणि ते दाबल्यावर गुणगुण निवळते. पण संवेदनक्षमताही इतकी घटते की लोखंडाचा तुकडा जेमतेम ऐकू येतो. शांत झालेले यंत्र म्हणजे सुरक्षित जमीन, असा नवख्या माणसाचा समज होण्याचा धोका इथे आहे, आणि मला तो गोंगाटापेक्षा गंभीर वाटतो. जुळवणीनंतर पिन पुन्हा पुरून तपासायलाच हवी, ही सूचना माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर हवी होती. ती कुठेच नाही.

बांधणीबद्दल थोडेसे. वजन बेताचे असून दांड्याची लांबी गुडघ्यावर बसून काम करतानाही नीट जुळते. कॉइलच्या मानेपाशी केबल मोकळी लोंबते. ती गवतात अडकून हिसकली की खोटा आवाज येतो. ती नळीच्या आतून नेली असती तर हा त्रास टळला असता.

अशी यंत्रे जमिनीत शिरणाऱ्या रडारशी जोडण्याचे काम जपान, जर्मनी आणि अमेरिकेत झाले आहे. रडारला धातूखेरीज प्लास्टिकचे आवरणही जाणवू शकते, त्यामुळे नुसते खिळे आणि काडतुसांच्या टोप्या वाजल्या म्हणून सळईने माती कोरण्याचे जीवघेणे श्रम वाचतात. स्वस्त यंत्रांनी तिथवर मजल मारावी अशी अपेक्षा मी ठेवत नाही, पण मातीचा प्रतिसाद नीट वजा करण्याची अपेक्षा जरूर ठेवतो.

आवाज ओळखण्याच्या सरावासाठी हे यंत्र घ्यायला हरकत नाही. प्रत्यक्ष सुरुंगक्षेत्रात ते नेऊ नये, आणि विक्रेत्याने खोक्यावरची ‘सर्व प्रकारच्या मातीत’ ही ओळ काढून टाकावी.