१६ टीबीची स्वस्त एसएसडी आणि पूलमधून गायब होणाऱ्या फायली

घरच्या नॅसवर (नेटवर्कवरून फायली पुरवणाऱ्या साठवण-संगणकावर) फाइलचं नाव दिसतं, आकारही बरोबर दिसतो, पण उघडली की फोटो अर्धा करडा किंवा व्हिडिओ चालतच नाही. पुढे कधीतरी अख्खा फोल्डरच नाहीसा होतो. दोष बहुधा अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेडच्या किंवा मर्जरएफएसच्या माथी मारला जातो. पूलमध्ये (अशा एकत्र बांधलेल्या डिस्कच्या संचात) अलीकडेच दोन-तीन हजारांत मिळालेली ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ लावली असेल, तर आधी तिच्याकडे बघा.

तिच्या आत एसएसडी नसतेच. झाकण उघडलं की कार्डरीडरची चिमुकली पट्टी निघते आणि तिच्यात ६४ किंवा १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड. आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) बदलून तिला १६ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की काही नगांत पुढचं लिखाण सरळ फेकून दिलं जातं आणि वाचताना नुसती शून्यं येतात. काहींत पत्ता फिरून पुन्हा सुरुवातीला येतो आणि जुन्या डेटावर नवा बसतो. एक्सफॅट या फाइल-प्रणालीची फाइलनोंदणी सुरुवातीच्या भागातच असते, ती पुसली गेली की फोल्डर गेले. कॉपी होताना एकही एरर येत नाही. लगेच उघडलेली फाइल रॅममधल्या कॅशमधून येते म्हणून चालतेही. खरी परीक्षा डिस्क काढून पुन्हा जोडल्यावरच.

पूलमध्ये हे प्रकरण जास्त महागात पडतं. मर्जरएफएसला ‘एमएफएस’ किंवा अनरेड या नॅस-प्रणालीला ‘मोस्ट-फ्री’ हा नियम लावलेला असेल, तर नवी फाइल सर्वांत जास्त रिकामी जागा असलेल्या डिस्कवर जाते. म्हणजे नेमकी थापाडीवरच! डिस्क बिघडल्यास डेटा परत उभा करणाऱ्या स्नॅपरेडचाही भरवसा धरू नका: सिंकच्या वेळी तो डिस्कवरून जे वाचतो त्याचाच हॅश (ओळखखूण) घेतो. तोवर फाइलचा कचरा झाला असेल, तर पॅरिटीही (दुरुस्तीसाठी राखलेली माहिती) कचऱ्याचीच.

फायली सापडेनाशा झाल्या की एफएससीके किंवा सीएचकेडीएसके ही डिस्क-दुरुस्तीची साधनं चालवायचा मोह आवरा. ‘दुरुस्ती’च्या नावाखाली उरल्यासुरल्या नोंदीही जातात. डिस्क पूलमधून काढा, माउंट करायचीच तर रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती). डीडीरेस्क्यूने पहिल्या १२८ जीबीची इमेज (हुबेहूब प्रत) चांगल्या डिस्कवर घ्या आणि हरवलेल्या फायली शोधणारं फोटोरेक त्या इमेजवर चालवा. जे फेकून दिलं गेलं ते कुठेच लिहिलेलं नाही आणि ज्यावर नवा डेटा बसला ते पुसलं गेलं, ते कोणतीही लॅब आणून देणार नाही. तिथे ‘तपासणी फी’ भरणं ही दुसरी फसवणूक. कट-पेस्ट केलं असेल तर मूळ कार्ड किंवा डिस्क वापरणं ताबडतोब थांबवा, आशा तिथेच जास्त आहे.

इमेज झाल्यावरच चाचणी, कारण चाचणी डिस्कवर लिहिते. लिनक्सवर एफथ्री संचातला एफथ्रीप्रोब काही मिनिटांत खरी क्षमता सांगतो आणि बनावट नगाला ‘लिम्बो’ (जादा लिखाण फेकणारा) किंवा ‘रॅपअराउंड’ (पत्ता फिरवणारा) असा प्रकारही लावतो. विंडोजवर व्हॅलिड्राइव्ह डिस्कभर पसरलेल्या ५७६ जागा तपासतं. एचटूटेस्टडब्ल्यूने पूर्ण डिस्क भरायला जाऊ नका: सेकंदाला ३० एमबी वेगाने १६ टीबी लिहायला सहा दिवसांहून जास्त लागतात, आणि परतीची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांचीच. विक्रेत्याचा सगळा खेळ याच हिशेबावर चालतो. सुरुवातीचे ६० जीबी नीट राहतात, तेवढ्यात पाच तारे देऊन लोक मोकळे होतात. पोर्ट निळं (यूएसबी ३चं) असूनही जोडणी ४८० मेगाबिटचीच (यूएसबी २ची) दिसली, तर संशय तिथेच घ्या.

नवी म्हणून वापरलेली हार्ड डिस्क गळ्यात मारणं हा निराळा प्रकार. २०२५च्या सुरुवातीला सीगेटच्या अशा डिस्क बाजारात सापडल्या, त्यांच्या स्मार्ट नोंदींतले (डिस्क स्वतःच ठेवते त्या) वापराचे तास शून्यावर आणलेले होते. स्मार्टमॉनटूल्स ७.५ने ‘फार्म’ ही सीगेटची वेगळी नोंद वाचली की बहुधा खरे तास दिसतात.

परत करताना ‘चालत नाही’ असं लिहू नका, बदली म्हणून तसाच नग येतो. ‘क्षमता खोटी, बनावट माल’ असं लिहा आणि चाचणीचा स्क्रीनशॉट, बिल, जाहिरातीचं पान जोडा. ते पान आजच साठवा, कारण ते लवकरच उडतं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. पैसे घेणारी वेबसाइटच बोगस निघाली तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.