भूतानचे शाश्वत विकास शुल्क: रात्रीला बाराशे रुपये देऊन काय मिळते?

भूतानला जाणाऱ्या भारतीय पर्यटकाकडून तिथले सरकार मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे माणशी १,२०० रुपये घेते. ‘शाश्वत विकास शुल्क’ हे त्याचे अधिकृत नाव असले, तरी मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या बोलण्यात आणि दरपत्रकांत ते ‘एसडीएफ’ (सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी) म्हणूनच येते. आपण हॉटेलच्या खोलीचे, गाडीचे, जेवणाचे परीक्षण लिहितो. घराच्या सहलखर्चात पंधरा-वीस हजारांची भर घालणाऱ्या शुल्काचे मात्र लिहीत नाही, कारण कर म्हटला की तो भरायचाच असतो असे आपण धरून चालतो. वास्तविक भूतानला जायचे की नाही आणि तिथे किती रात्री राहायचे, हे दोन्ही निर्णय आपल्याच हातात असतात. म्हणून हे शुल्क एखादी सेवा विकत घेतल्यासारखे मानून मी त्याचा विचार केला आहे.

आधी हिशेब. प्रौढाला १,२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मे म्हणजे ६०० रुपये आणि त्याहून लहान मुलाला काहीच नाही. आईवडील, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे कुटुंब सहा रात्री राहिले, तर रात्रीचे ३,००० याप्रमाणे १८,००० रुपये होतात, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचे आणखी १४,४०० रुपये. मोजणी रात्रींची होते. शुक्रवारी सकाळी देशात शिरून सोमवारी संध्याकाळी बाहेर पडणाऱ्याला तीनच रात्रींचे पैसे पडतात. भारतातल्या जयगावच्या बाजूने वेशीतून पलीकडे जाऊन भूतानच्या फुन्शोलिंगच्या बाजारात फेरी मारायची आणि चोवीस तासांच्या आत परतायचे, एवढाच बेत असेल तर शुल्क लागत नाही. भूतानचे चलन न्गुल्त्रुम आणि भारतीय रुपया यांचे मूल्य समान ठेवलेले असल्याने विनिमय दराची कटकटही नाही. युरोप-अमेरिकेतून आलेल्या प्रवाशाला याच रात्रीसाठी १०० डॉलर मोजावे लागतात. आपल्यापेक्षा सात-आठ पट ही रक्कम पाहिली म्हणजे आपल्याला शेजाऱ्याचा दर मिळतो आहे हे मान्य करावे लागते.

या पैशांत काय मिळत नाही, हे आधी लक्षात घ्यावे, कारण नाराजी बहुतेक तिथूनच सुरू होते. हॉटेल, जेवण, गाडी आणि मार्गदर्शक यांचा खर्च पूर्णपणे वेगळा असतो. झोंग म्हणजे तिथले किल्लेवजा मठ आणि पारोजवळचा कड्यावरचा तक्तसांग मठ यांची प्रवेश तिकिटे पुन्हा निराळी. थिंफू आणि पारोच्या पुढे जाताना मार्गदर्शक सोबत घ्यावा लागतो. आपली गाडी घेऊन फुन्शोलिंगच्या पुढे जायचे ठरवले, तर गाडीसाठी दिवसाला ४,५०० रुपयांचे आणखी एक शुल्क पडते. त्यामुळे उत्तर बंगालमधल्या बागडोगरा किंवा हसीमाराहून येणारे बहुतेक प्रवासी सीमेवर गाडी बदलून भूतानी टॅक्सी घेतात, आणि हा बदल स्थानिक चालकांच्या दृष्टीने योग्यच आहे. थोडक्यात, एसडीएफ हा केवळ देशात राहण्याचा आकार आहे. ज्यांना तो ‘सर्वसमावेशक पॅकेज’सारखा वाटतो, त्यांच्या डोक्यात जुन्या व्यवस्थेची आठवण असते.

ती जुनी व्यवस्था समजल्याशिवाय आजच्या दराबद्दल मत बनवणे योग्य नाही. भूतानने परदेशी पर्यटकांना १९७४ मध्ये दार उघडले आणि प्रवासी थोडे पण चांगला खर्च करणारे असावेत, हे धोरण पुढे चालू ठेवले. कित्येक वर्षे डॉलरमध्ये खर्च करणाऱ्या पर्यटकाला हंगामाप्रमाणे दिवसाला किमान २०० किंवा २५० डॉलरचे पॅकेज घ्यावे लागे. त्यात राहणे, जेवण, गाडी आणि मार्गदर्शक यांच्याबरोबर ६५ डॉलरचे शाश्वत विकास शुल्कही धरलेले असे. भारत, बांगलादेश आणि मालदीव या देशांच्या नागरिकांना यांतले काहीही लागू नव्हते. साहजिकच स्वस्त विमान तिकिटे आणि सिलीगुडीहून मिळणाऱ्या गाड्या यांच्या जोरावर भारतीयांची गर्दी वाढत गेली, आणि २०१९ मध्ये तीन लाखांहून अधिक पर्यटकांपैकी दोन लाखांहून अधिक भारतीय होते. देशाची स्वतःची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत आहे, हे ध्यानात घेतले तर तिथल्या लोकांची अस्वस्थता समजते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोचुला खिंडीतल्या चोर्तेनवर, म्हणजे तिथल्या स्तूपावर, महाराष्ट्रातून गेलेला एक दुचाकीस्वार चढून उभा राहिला आणि त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरली. शुल्काचा विचार त्या आधीपासूनच चालू होता, त्यामुळे त्या एका माणसावर सगळे ढकलणे चुकीचे ठरेल. पण २०२० च्या सुरुवातीला भूतानच्या संसदेत शेजारी देशांच्या पर्यटकांवर शुल्क बसवण्याचा निर्णय झाला, तेव्हा तो तिथे कोणाला फारसा खटकला नसावा. पुढे महासाथीमुळे देशच बंद झाला, आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी सीमा उघडल्या तेव्हापासून आपण हे पैसे खऱ्या अर्थाने भरू लागलो.

आता मिळते काय, ते पाहू. सरकारचे म्हणणे असे, की हा पैसा नागरिकांचे मोफत आरोग्य आणि शिक्षण, पर्यटन क्षेत्रातल्या लोकांचे प्रशिक्षण, वनसंरक्षण आणि रस्त्यांसारख्या सुविधा यांसाठी वापरला जातो. देशाच्या किमान साठ टक्के भूभागावर कायम वन असले पाहिजे, अशी अट भूतानच्या राज्यघटनेतच आहे, आणि प्रत्यक्षातले प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे. प्रवाशाला हे आकडे दिसत नाहीत. त्याला दिसतात ते जाहिरात फलकांविना जाणारे घाटरस्ते, वाहतुकीचे दिवेच नसलेली राजधानी आणि हंगामातही मोकळी वाटणारी ठिकाणे. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा पुनाखाचा झोंग पाहताना बाहेरच्या जांभळ्या फुलांच्या जॅकरंडाखाली स्वस्थ उभे राहता येते. मे महिन्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर होड्यांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला या मोकळेपणाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. २०२४ मध्ये एकूण पर्यटकसंख्या दीड लाखाच्या आसपास होती, म्हणजे महासाथीपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. या सगळ्याचे श्रेय शुल्काला देता येत नाही, कारण महासाथीनंतर पर्यटन सगळीकडेच हळूहळू सावरले; तरी दर वाढला की गर्दी ओसरते, हा साधा नियम इथेही लागू पडलेला दिसतो. मोकळेपणा विकत घेतो आहोत असे समजून पैसे दिले, तर माल चोख आहे.

माझा आक्षेप दराला नसून आकारणीच्या पद्धतीला आहे. रात्रीमागे सपाट दर लावला की प्रवासी सर्वांत आधी रात्री कमी करतो. आपल्याकडच्या दरपत्रकांचा ठरलेला साचा पाहिला तरी हे लक्षात येते: फुन्शोलिंगहून किंवा विमानाने पारोहून सुरुवात, थिंफूला दोन रात्री, पुनाखाला एक, पारोला दोन, आणि परत. तिबेटमधून येणारे काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यात ज्या फोब्जिखा खोऱ्यात उतरतात, ते पुनाखापासून काही तासांच्याच अंतरावर आहे. तरी ‘एक रात्र वाढते’ म्हणून ते गळते. जुन्या मंदिरांचे बुमथांग तर त्याच्याही पुढे, मध्य भूतानमध्ये आहे, आणि तिथे जाऊन यायचे तर प्रवासाचेच दोन-तीन दिवस जास्तीचे लागतात. चौघांच्या कुटुंबाला त्या प्रत्येक रात्रीचे तीन हजार दिसू लागले, की बुमथांग पुढच्या खेपेवर ढकलले जाते आणि ती पुढची खेप बहुधा येत नाही. पर्यटकाने सावकाश फिरावे, जास्त दिवस राहावे, पश्चिमेकडच्या दोन-तीन खोऱ्यांतच गर्दी करू नये, हे भूतानचे घोषित उद्दिष्ट आहे. मात्र बुमथांगच्या रात्रीचा दर पारोच्या रात्रीइतकाच असल्याने प्रत्यक्षात दंड पडतो तो नेमका सावकाश फिरणाऱ्याला, आणि घाईघाईने तक्तसांग चढून परतणारा स्वस्तात सुटतो.

ही अडचण भूतान सरकारच्या लक्षात आलेली नाही असे म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये इतर परदेशी पर्यटकांसाठी शुल्क ६५ डॉलरवरून थेट २०० डॉलर केले गेले, तेव्हा प्रवासी एवढे घटले की २०२३ च्या जूनमध्ये मुक्काम वाढवणाऱ्यांसाठी सवलत काढावी लागली: चार दिवसांचे शुल्क भरा आणि आणखी चार दिवस राहा, सात दिवसांचे भरा आणि आणखी सात दिवस राहा. तेही पुरले नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ पासून दर १०० डॉलरवर आणला. दीर्घ मुक्कामाची ती योजना डॉलर भरणाऱ्यांसाठी होती, रुपयांत भरणाऱ्या भारतीयाला तिचा लाभ नव्हता. माझ्या मते ही सर्वांत मोठी चुकलेली संधी आहे, कारण मुक्काम लांबवण्याची ऐपत आणि सवड दोन्ही असलेला शेजारी प्रवासी त्यांच्या दाराशीच होता.

दुसऱ्या ठिकाणच्या आकारण्या पाहिल्या तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. व्हेनिसने २०२४ च्या एप्रिलमध्ये ठरावीक गर्दीच्या दिवसांसाठी पाच युरोचे प्रवेश शुल्क सुरू केले. ते दिवसभरासाठी येऊन संध्याकाळी निघून जाणाऱ्याला लागते, शहरात रात्री मुक्काम करणाऱ्याला त्यातून सूट आहे, कारण तो मुक्कामाचा कर हॉटेलमध्ये वेगळा भरतोच. रक्कम इतकी किरकोळ आहे की तिने गर्दी हटेल असे वाटत नाही, परंतु तिची दिशा बरोबर आहे. बालीमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी प्रवाशाकडून एकदाच दीड लाख इंडोनेशियन रुपिया घेतले जातात, मग तो तीन रात्री राहो वा तीस. आपल्या माथेरानचा प्रवासी करही दस्तुरी नाक्यावर एकदा भरला की संपला. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के लागतात. हा दर जबर आहे, पण महागड्या खोलीत राहणारा अधिक भरतो आणि साध्या खोलीतला कमी. भूतानमध्ये दीड हजारांच्या खोलीत राहणारे शिक्षक दांपत्य आणि रात्रीला लाखभर रुपये घेणाऱ्या आलिशान रिसॉर्टमधले पाहुणे, दोघांच्याही डोक्यावर बाराशेच. दांपत्याच्या बाबतीत दोघांचे मिळून शुल्क खोलीच्या भाड्याहून जास्त होते आणि दुसऱ्याच्या बिलात ते शोधूनही सापडत नाही. हंगामाप्रमाणे फरक नाही, हेही मला पटत नाही. थिंफूच्या त्शेचू उत्सवाच्या दिवसांत आणि ऐन पावसाळ्यात एकच दर ठेवून गर्दीचे नियोजन कसे होणार?

सेवेचा कागदोपत्री भाग मात्र मला बरा वाटला. परवान्याचा अर्ज आणि शुल्क हे काम ऑनलाइन आधी उरकता येते, भारतीयांना पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्रही चालते, आणि मुलांसाठी जन्मदाखला लागतो. आधार कार्ड चालत नाही, हे घरून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. घोळ होतो तो मधल्या दलालीत. आमच्याकडे आलेल्या एका दरपत्रकात ‘परमिट, एसडीएफ व इतर शासकीय आकार’ अशी एकच भली मोठी रक्कम होती आणि रात्रींचा हिशेब लावल्यावर तिच्यातला बराच भाग कशासाठी आहे हे उलगडत नव्हते. शुल्काची सरकारी पावती स्वतंत्र मागून घ्यावी, आणि ती देण्यास कोणी खळखळ करू लागला तर दुसरा दरपत्रकवाला पाहावा. खुद्द सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. माझ्या सहा रात्रींच्या पैशांतून कोणत्या खोऱ्यात काय झाले, हे परवान्यासोबतच्या एका पानावर वर्षातून एकदा छापून दिले, तर दर जास्त वाटणाऱ्या अनेकांचे समाधान होईल.

ज्यांना पाच दिवसांत पश्चिम भूतान पाहायचे आहे, त्यांच्यासाठी हे शुल्क सध्याच्या दरात रास्त आहे, असे मी म्हणेन. ज्यांना पूर्वेकडे त्राशिगांगपर्यंत जायचे आहे, त्यांनी दोन माणसांच्या सहलीत शुल्कासाठी वेगळी तरतूद करावी आणि जेवण-खोलीत काटकसर करावी, रात्रींत नको. डॉलरचा सवलतीचा दर ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत जाहीर झालेला आहे. त्या वेळी दरांचा फेरविचार होईल तेव्हा भारतीयांसाठीही सहाव्या रात्रीपासून निम्मे शुल्क आणि बुमथांगपासून पुढच्या रात्रींना पूर्ण माफी एवढे दोन बदल झाले, तर पहिल्या पाच रात्रींसाठी बाराशेचे पंधराशे झाले तरी माझी तक्रार असणार नाही.