‘मंदी आहे ना, सर’: मालवणच्या रिसॉर्टचं बुकिंग आणि आमचे ३९ हजार

तारकर्ली, देवबाग, भोगवे या पट्ट्यातल्या महागड्या रिसॉर्टांच्या ‘निम्म्याहून कमी दरात’ अशा जाहिराती पुन्हा फिरायला लागल्या आहेत. परवा त्यातलीच एक मावसबहिणीने घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘मंदीमुळे देतायत वाटतं.’ नेमक्या याच समजुतीपायी आमच्या घरातले ३९ हजार १६८ रुपये गेले. तिला फोनवर सांगितलंच, पण सगळं नीट लिहून ठेवलेलं बरं. नोकरकपातीच्या बातम्या जितक्या वाढतील तितक्या या जाहिरातीही वाढणार आहेत.

आमचं प्रकरण जानेवारी २०२१ मधलं. लॉकडाऊननंतरचा काळ. आदल्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी आकसलं होतं. दादाचा पगार कापला गेला होता आणि ताईच्या कंपनीत बोनसचं नावही कोणी काढत नव्हतं. त्यात आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. हॉल घेऊन दोनशे पानं उठवायची परिस्थिती नव्हती आणि परवानगीही नव्हती. मग ताईच्या डोक्यात आलं की सगळ्यांनी दोन रात्री एखाद्या चांगल्या रिसॉर्टवर जाऊ. अण्णांनी जन्मभर एसटीत नोकरी केली, कोकणातला प्रत्येक फाटा त्यांना पाठ, पण समुद्राकडे तोंड करून असलेल्या खोलीत ते कधी राहिले नव्हते.

हे हौसेचं खूळ होतं असं मला आजही वाटत नाही. हात आखडलेला असतानाही माणसं कुठेतरी जातातच, आणि त्यांनी जावंच. किनाऱ्यावरची निम्मी घरं त्यावर चालतात. आधी जुलै २०२० पर्यंत राज्यातली हॉटेलं पाहुण्यांसाठी बंद होती, मग सुरुवातीला ३३ टक्केच खोल्यांची परवानगी मिळाली. त्या हिवाळ्यात मालवणात खरोखरच दर उतरले होते. त्यामुळेच खोटा दर खऱ्या दरांच्या गर्दीत बेमालूम मिसळला.

ज्या रिसॉर्टचं बुकिंग आम्ही करत होतो ते अस्सल आहे, आजही चालू आहे, आणि त्यांचा यात काडीचा दोष नाही. खोटी होती ती वेबसाइट. नाव तेच, फक्त शेवटी ‘बुकिंग’ जोडलेलं. फोटो रिसॉर्टच्याच पानावरून उचललेले. शोधायला गेलं की पैसे भरून वर आणलेली जाहिरात म्हणून तीच पहिली दिसायची. भावोजींनी तिथल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठी बोलणारा, अदबशीर, अजिबात घाई न करणारा. नेहमीचा दर रात्रीला नऊ हजार, तो म्हणाला ३,६०० मध्ये देतो, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. चार खोल्या, दोन रात्री, एकूण २८,८००.

भावोजींच्या फोनमध्ये बोलणं आपोआप साठवलं जातं. ती संभाषणं आम्ही नंतर सगळ्यांनी बसून ऐकली, आणि या माणसाचं कसब तेव्हा लक्षात आलं. भावोजींनी विचारायला हवं ते सगळं विचारलं होतं. इतकं स्वस्त कसं? ‘मंदी आहे ना, सर. खोल्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा स्टाफचा पगार तरी सुटतो.’ अर्धे पैसे आत्ता आणि अर्धे आल्यावर दिले तर? ‘सर, लोक बुक करतात आणि येत नाहीत. मंदीत तेवढं नुकसान मालकांना झेपत नाही, म्हणून या ऑफरला पूर्ण रक्कम आधी.’ पैसे पाठवताना रिसॉर्टऐवजी भलत्याच कुठल्या ट्रेडर्सचं नाव का येतंय? ‘मालकांचे हप्ते थकलेत, बँकेने चालू खातं अडवलंय. तात्पुरतं पुरवठादाराच्या खात्यावर घेतोय. काय करणार सर, मंदी.’

प्रत्येक शंकेला एकच उत्तर, आणि त्यातलं एकही अशक्य कोटीतलं नाही. हप्ते खरंच थकत होते, बुकिंग करून लोक खरंच येत नव्हते. एरवी ‘इतकं स्वस्त का’ या प्रश्नावर ठगाला काहीतरी रचावं लागतं. मंदीत त्याचं उत्तर रोजच्या वर्तमानपत्रात छापून येतं आणि गिऱ्हाईक ते घरूनच घेऊन येतं. माझा या जाहिरातींवर खरा राग आहे तो यासाठी. नुसती आपल्या लोभावर नेम धरून असतात असं नाही, समोरचा अडचणीत असेल ही आपली सहानुभूतीही त्या वापरून घेतात. संभाषणात एका जागी भावोजी चक्क म्हणतात, ‘हो हो, तुमचीही अडचण समजते.’

आधी १४,४०० गेले, मग उरलेले १४,४००. त्यानंतर जीएसटीचे ५,१८४ वेगळे मागितले. ते पाठवल्यावर फोन आला की रक्कम एंट्री नंबर न टाकता आल्यामुळे सिस्टीमने घेतली नाही. पुन्हा तेवढीच पाठवा, आधीची चोवीस तासांत आपोआप परत येईल. असे ५,१८४ दोनदा गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळची ही गोष्ट. ‘चुकीच्या पद्धतीने आले, पुन्हा पाठवा’ हे या लोकांचं ठरलेलं हत्यार आहे. खऱ्या हॉटेलला एकदा आलेले पैसे घेता येत नाहीत असं कधी होत नाही. नको असतील तर ते परत करतील, पण त्यासाठी आणखी मागणार नाहीत.

त्याच संभाषणांमध्ये एक वाक्य आहे ज्यावर आई नंतर पोट धरून हसली. तो सांगतो, ‘सकाळी आमची गाडी तुम्हाला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दारात सोडेल.’ महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर तो किल्ला बांधायला घेतला तोच मुळी कोणी असं दारात येऊ नये म्हणून. मालवणच्या जेटीवरून होडीनेच जावं लागतं. भावोजी नागपूरचे, त्यांना ते खटकायचं कारण नव्हतं. आम्हा रत्नागिरीकरांपैकी कोणी तेव्हा कानाशी असतं तर फोन तिथेच ठेवला गेला असता. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, की बुकिंग घेणाऱ्याला गावातलं काहीतरी विचारा. कुडाळ स्टेशनवरून रिक्षावाले साधारण किती घेतात? तुमची जागा समुद्राच्या बाजूला की कर्ली खाडीच्या? देवबागेत एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, त्यामुळे तिथे राहणारा माणूस हे झोपेतसुद्धा सांगेल. दूर कुठेतरी बसून फोन घेणारा मात्र ‘लोकेशन पाठवतो’ म्हणेल.

आम्ही रत्नागिरीहून कसालमार्गे गाडीने गेलो, दादा-वहिनी ठाण्याहून रेल्वेने कुडाळला उतरले, ताई-भावोजी पुण्याहून आले. रिसॉर्टच्या फाटकावर वॉचमनने त्या फोनवरच्या माणसाने पाठवलेलं व्हाउचर हातात घेतलं, एक नजर टाकली आणि न बोलता आत गेला. मॅनेजर बाहेर आले ते हातात फाईल घेऊनच. तशीच व्हाउचरं, तोच नमुना, फक्त नावं वेगळी. ‘ह्यो नंबर आमचो नाय, ताई,’ एवढंच ते म्हणाले. आई-अण्णांना आत नेऊन त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला. खोल्या रिकाम्या होत्या, पण आठवड्याच्या मधल्या वारालाही त्यांचा सगळ्यात खालचा दर सहा हजारांच्या आत येत नव्हता. आमचे पैसे आधीच गेले होते. मग त्यांनीच देवबागेतल्या एका काकूंना फोन लावला.

दादा अकाउंट्समध्ये आहे. चहा पिता पिता त्याने पहिल्यांदा ते व्हाउचर नीट वाचलं आणि तिथल्या तिथे त्याची चिरफाड केली. तेव्हा हजारापासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ टक्के होता आणि त्यावरच्या दराला १८. आमची खोली ३,६०० ची, म्हणजे २८,८०० वर कर व्हायचा ३,४५६. त्यांनी १८ टक्क्यांनी ५,१८४ लावलेला, तोही आयजीएसटी म्हणून, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराला लागणारा. महाराष्ट्रातल्या हॉटेलच्या खोलीवर कर लागतो तो निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा, पाहुणा कुठूनही येवो. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. आमच्या व्हाउचरवर ०८ होते, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कोणताही क्रमांक तपासता येतो. दादाने तो टाकला तर नाव निघालं कुठल्याशा टाइल्सच्या दुकानाचं. त्या बिचाऱ्याचा क्रमांकही चोरलेलाच असणार. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे आणि त्यावर १८. हे एवढं डोक्यात असलं तरी निम्मी खोटी बिलं उघडी पडतात.

रात्री देवबागेत काकूंकडे राहिलो. त्यांनी आगाऊ काही घेतलं नाही. ‘पैशे खय पळतत?’ म्हणाल्या. बांगडे तळून वाढले, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोलकढी. अण्णांचं म्हणणं पडलं की रिसॉर्टवर हे मिळालंच नसतं. ते आमच्या समाधानासाठी म्हणत होते हे सगळ्यांना कळत होतं.

मॅनेजरांशी दुसऱ्या दिवशी निवांत बोलणं झालं. मंदीत खऱ्या सवलती कशा असतात हे त्यांनी सांगितलं ते माझ्या फार उपयोगी पडलंय. मोठं हॉटेल जाहीर दर सहसा निम्म्यावर आणत नाही, कारण एकदा उतरवलेला दर पुढच्या मोसमात चढवणं कठीण जातं. त्यापेक्षा ते काहीतरी वर घालतात. दोन रात्रींवर तिसरी, जेवण, उशिरापर्यंत खोली, नाहीतर वरच्या दर्जाची खोली त्याच पैशात. सूट मिळते ती सोमवार ते गुरुवार, नाहीतर पावसाळ्यात, जेव्हा स्कुबा बंद, किल्ल्याच्या होड्या बंद आणि समुद्रही पाण्यात उतरण्यासारखा नसतो. ख्रिसमस ते नवीन वर्ष किंवा मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी कोणी निम्म्या दरात खोली देत असेल तर त्यात काहीतरी काळंबेरं आहे. आणि सवलतीचं बुकिंग करण्याआधी रिसॉर्टच्या लँडलाइनवर किंवा त्यांच्या जुन्या बिलावरच्या नंबरवर एकदा फोन करून विचारावं. फोनमधल्या नकाशावर दिसणाऱ्या नंबरवरही डोळे मिटून जाऊ नये, त्यात कोणीही बदल सुचवू शकतो. दर रास्त आहे का हे पाहायचं तर जवळच्या एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, निवासाचा त्या तारखेचा दर बघावा. तारकर्लीला त्यांचं स्वतःचं आहे. त्याच्यापेक्षाही खाली जर पंचतारांकित थाटाची जागा मिळत असेल तर आणखी काय विचारायचं?

तक्रारीचं मात्र थोडक्यात सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं गोड काही नाही. बँकेने पहिल्याच फोनवर सांगितलं की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक होतं, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही असं सांगणारं. पण ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. आपणच फसून पाठवलेले पैसे त्यात धरत नव्हते. हे वाचून ठेवा, कारण बरेचजण त्या भरवशावर निवांत राहतात. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्यामुळे आदल्या संध्याकाळी गेलेले ५,१८४ पुढच्या खात्यात गोठवले गेले आणि न्यायालयात अर्ज केल्यावर बऱ्याच काळाने परत मिळाले. त्याआधीचे सगळे खात्याखात्यांतून फिरून काढून घेतले गेले होते.

१९३० हा हेल्पलाइन नंबर आमच्या वेळी नव्हता, आता आहे. फसलोय असं वाटल्या क्षणी आधी तिथे फोन करा, मग घरातल्यांशी वाद घाला. बोलताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यावर किंवा यूपीआय आयडीवर पैसे गेले ते हाताशी ठेवा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं रागाच्या भरात पुसून टाकू नका. भावोजी पुसायला निघाले होते, ताईने हातातून फोन काढून घेतला.

आणि ज्या रिसॉर्टच्या नावावर हे झालं त्यांनाही व्हाउचरची प्रत पाठवा. मॅनेजरांच्या त्या फाईलमुळेच समजलं, की आमचे पहिले १४,४०० ज्या खात्यावर गेले त्याच खात्यावर सांगलीच्या एका कुटुंबाचेही गेले होते. दोन्ही तक्रारींत तो क्रमांक आल्यावर पोलिसांनी ते खातं बंद करायला लावलं.