तारेचा होज: झटका गेला, पण अर्धं काम आपल्यालाच करावं लागलं

थंडीत एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कापायला घेतलं की आमच्या डस्ट कलेक्टरचा, म्हणजे भुसा ओढून घेणाऱ्या मशीनचा, पीव्हीसी पाइप असा झटका द्यायचा, की हेल्पर पोरगा जवळ फिरकायचाच नाही. दंडावरचे केस उभे! भुसा प्लास्टिकला घासत जातो, चार्ज साठतो आणि प्लास्टिक तो सोडत नाही. त्यात हवेत बारीक भुकटी असली तर ठिणगी म्हणजे खेळ नव्हे.

म्हणून हा 4 इंची, आत तार गुंडाळलेला पॉलीयुरेथेन होज (लवचिक नळी) घेतला, म्हणजे चार्ज तारेतून अर्थिंगला, जमिनीत जाईल. नुसता क्लॅम्प आवळून काडीचा फरक पडला नाही. दुकानदार बोललाच नव्हता: दोन्ही टोकांची तार सोलून बाहेर काढायची, एक टोक मशीनच्या लोखंडाला, दुसरं कलेक्टरच्या बॉडीला. बॉडीचा रंग खरवडला तेव्हा कुठे मल्टिमीटर 'पीं' वाजला, म्हणजे जोडणी झाली. तरी झटका होताच. शेवटी सॉकेट उघडलं, तर अर्थिंगची वायर सुटलेली!

आता शांत आहे. होज लवचिक, पण वळणावर प्लेनरच्या (रंधा मशीनच्या) ढलप्या अडकतात. लांब लाइनला मी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचाच डक्ट टाकणार. हा फक्त शेवटच्या दीड मीटरला. चार स्टार. एक कापला, कारण खोक्यात साधं माहितीपत्रकही नव्हतं.