12 अंड्यांचं छोटं इन्क्युबेटर घेतलं त्याचा अनुभव (घरात पोरं असतील तर वाचा)

नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन मागवलेलं, 2,900 ला पडलं, आता पिल्लं मोठी झालीयेत म्हणून निवांत लिहितेय. कंपनीचं नाव टाकत नाही, हेच मशीन वेगवेगळे स्टिकर लावून सगळीकडे विकतात.

मोठा नववीत, धाकटी चौथीत, नाशिकच्या मखमलाबादला रो हाऊस आणि मागे थोडी जागा नुसती पडून. गेल्या वर्षी धाकटीच्या हट्टापायी बाजारातून ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं आणली होती, चार दिवसांत चारही गेली, घरात नुसती रडारड. नंतर कळलं की ती बहुतेक लेयर (अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबड्यांच्या) हॅचरीतले नर असतात, अंडी देणार नाहीत म्हणून स्वस्तात काढून टाकलेले. म्हणून यावेळी थेट अंड्यापासून सुरुवात.

मशीन आल्याआल्या धाकटीने फ्रीजमधली दोन अंडी त्यात ठेवून पण दिली! मग तिला समजवावं लागलं की लेयर फार्मवर कोंबडाच नसतो, दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघणार कुठून. (कोंबडा कशाला लागतो हा पुढचा प्रश्न मी आजीकडे ढकलला.) सासूबाई पेठकडच्या गावाला असतात, त्यांनी गावठी 12 अंडी तुसात भरून एसटीने पाठवली, आठवड्याच्या आतली आणि न धुतलेली. सोबत फोनवर टोमणा, अगं खुडूक कोंबडी बसवली असती तर लाइटबिल तरी वाचलं असतं.

आता मशीनबद्दल. डिस्प्लेवर 37.7 दिसायचं. मोठ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर आत ठेवला तर 36.6! एक डिग्री म्हणजे आपल्याला काही वाटत नाही पण अंड्याला पाहिजे साधारण साडेसदतीस, कमी पडलं की पिल्लं उशिरा निघतात आणि अशक्त निघतात. फोन केला तर "मॅडम ते नॉर्मल आहे". शेवटी त्यानेच सेटिंग एक डिग्रीने वाढवलं. हे पोरगं गणितात पॉइंट विसरतं म्हणून मी दर परीक्षेला बोंबलत असते.

चौथ्या दिवशी अंडी फिरवायची मोटर बंद. मी तर परतच करणार होते, पण अंडी आत असताना परत काय करणार? मग पोरांनी पेन्सिलने प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि दिवसातून तीनदा हाताने फिरवायला लागले, सकाळी 7, दुपारी 3, रात्री 10. तीनदाच, कारण आकडा विषम असला की रात्रीची लांब वेळ रोज त्याच बाजूवर जात नाही. रविवारी दहाला उठणारा आमचा हिरो सातला उठून हात धुऊन उभा, फिरवून झालं की वहीत टाइम आणि टेंपरेचर टाकायचा! मोटर चालू राहिली असती तर दुसऱ्या दिवशीच दोघं परत मोबाइलमध्ये गेले असते, लिहून देते. बिनमोटरचं मॉडेल 500 नी स्वस्त आहे, पोरांसाठी घेताय तर तेच घ्या राव.

सातव्या दिवशी बाथरूममध्ये अंधार करून मोबाइलच्या टॉर्चवर अंडी बघितली, आत लाल नसांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका. तीन कोरी निघाली. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद आणि आत ओल राहावी म्हणून मशीनमधलं पाणी वाढवायचं. नेमकी त्याच शनिवारी अडीच तास लाइट गेली, मशीनवर दोन गोधड्या टाकल्या आणि झाकण अजिबात उघडलं नाही.

झाकणाची खिडकी एवढीशी आणि त्यात वाफ धरते, त्यामुळे बाविसाव्या दिवशी चिवचिव ऐकू येतेय पण दिसत काही नाही, पोरांना आवरता आवरता माझा जीव गेला. मध्येच उघडलं तर आतला पापुद्रा सुकतो आणि पिल्लू त्यातच चिकटतं. 9 पैकी 6 निघाली.

ब्रूडर (निघालेल्या पिल्लांना ऊब द्यायची पेटी) मशीनसोबत येत नाही हे जाहिरातीत कुठेच नाही. डिसेंबरचा नाशिकचा गारठा, त्यामुळे खोका, तूस आणि 60 चा बल्ब. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली की थंडी वाजतेय, लांब पळाली की उकडतंय, हे धाकटीने दोन दिवसांत ओळखलं. लासोटा म्हणजे मानमोडी रोगाची लस, तिची बाटली शंभर डोसची, फोडली की लगेच संपवायची असते, म्हणून सहा पिल्लांसाठी विकत न घेता सरळ जनावरांच्या दवाखान्यात विचारा. मानमोडी आली तर सगळीच जातात.

सहात तीन कोंबडे निघाले, पहाटे साडेचारला सुरू! शेजारचे काका आठवडाभर बोलले नाहीत. दोन कोंबडे गावी द्यायचे ठरलं तेव्हा मोठ्या पोराने विचारलं, आजी कापेल ना? मी खोटं बोलले नाही. तो स्वतः एसटीत मांडीवर डालगं घेऊन गेला. त्यानंतर महिनाभर रविवारी त्याने रस्सा खाल्ला नाही, आता खातो.

मशीनला अडीच स्टार. मोटर बदलून मार्चमध्ये आली, अजून खोक्यातच आहे, पोरं लावू देत नाहीत.