हजिरा–घोघा फेरी: एका निवृत्त ऑडिटवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, बोट चांगली आहे. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी खाली वाचलं नाही तरी चालेल.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. भावनगरला मेव्हण्याच्या नातवाची मुंज होती आणि त्याआधी चार दिवस सुरतेला लेकीकडे मुक्काम होता, म्हणून हा मार्ग निघाला. एरवी बडोद्याच्या माणसाने भावनगरला जाण्यासाठी हजिरा गाठणं म्हणजे निव्वळ द्राविडी प्राणायाम. दीडशे किलोमीटर दक्षिणेला उतरायचं, सुरत ओलांडून हजिऱ्याला जायचं आणि तिथून बोटीत बसून खाडीपार भावनगरजवळच्या घोघ्याला. त्यापेक्षा वटामणच्या चौफुलीवरून सरळ गेलात तर दोनशेच्या आसपास किलोमीटरांत भावनगर. तेव्हा बडोदेकरांनी हा रिव्ह्यू हौस म्हणून वाचावा, सुरतकरांनी कामाचा म्हणून.

तिकिटं सुरतेत एका एजंटाकडून काढली, ही माझी चूक. जावई म्हणत होता, बाबा, ऑनलाइन काढून देतो. पण मला कागद हातात लागतो. एजंटाने वर 'सर्व्हिस'चे म्हणून पैसे घेतले. पावती मागितली तर म्हणाला, "काका, व्हॉट्सॲप पर मोकली आपीश," म्हणजे पाठवून देईन. बरं म्हटलं.

सकाळी हजिऱ्याला रांगेत लागलो. पुढे ट्रक, मागे आमची जुनी वॅगन-आर. रॅम्पवरून गाडी जहाजाच्या पोटात घालताना हिने देवाचं नाव घेतलं, मी क्लच सांभाळला. आत पिवळं जाकीट घातलेला पोरगा शिट्टी वाजवत दोन बोटांनी बोलावतो, "आववा दो, आववा दो," आणि पुढच्या गाडीला आता लागणारच असं वाटतं तेव्हा तळहात दाखवतो. मधे वीतभर जागा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, उतरा, वर जा. बाजूच्या ट्रकची चाकं साखळ्यांनी जमिनीतल्या कड्यांना आवळत होते. ते मी उभा राहून पाहिलं. चार साखळ्या, प्रत्येकीला ताण द्यायचा वेगळा दांडा, आणि आवळून झाल्यावर पोरगा साखळीवर एक लाथ मारून बघतो. लाथेने साखळी हलली तर परत आवळायची. मला ही तपासणी फार आवडली. आमच्या वेळी व्हाउचर इतक्या निष्ठेने तपासले असते तर माझी निम्मी नोकरी वाचली असती.

२०२० च्या नोव्हेंबरात ही सेवा चालू झाली तेव्हा 'व्हॉयेज सिंफनी' या जहाजाचे आकडे जाहीर झाले होते. तीन मजले, ३० ट्रक, १०० मोटारी, ५०० प्रवासी आणि ३४ कर्मचारी. रस्त्याने ३७० किलोमीटर, समुद्रातून ९०. दहा-बारा तासांच्या जागी चार. चार तासांचं गणित आमच्या बाबतीत तरी जमलं. खुर्च्या बऱ्या, संडास स्वच्छ (हिने दोनदा पाहणी केली), चहा मिळतो, गाठिये आम्ही घरून नेले होते.

शेजारी बसलेला मुलगा पालिताण्याकडचा, सुरतेच्या वराछ्यात हिरे घासणारा, म्हणजे तिकडच्या भाषेत रत्नकलाकार. खाली त्याची मोटारसायकल होती. पूर्वी रात्रभर बसमध्ये मान मोडून जायचो, आता बाईक घेऊन जातो आणि गावात चार दिवस फिरायला बाईक हाताशी असते, म्हणाला. ही फेरी खरी त्याच्यासाठी आहे. सुरतेत अर्धं सौराष्ट्र राहतं. गुजरातीत म्हणच आहे, 'लंकानी लाडी ने घोघानो वर'. घोघ्याचा नवरदेव जहाजात बसून लंकेपर्यंत जात होता. मधली कित्येक वर्षं त्याला सुरत गाठायलाही एसटी लागायची.

मग बडोद्याच्या माणसाला कळ कुठे येते? दहेजला.

मूळ फेरी घोघा–दहेज होती. २०१२ च्या जानेवारीत भूमिपूजन झालं, २०१७ च्या २२ ऑक्टोबरला पहिल्या टप्प्याचं उद्घाटन. ६१५ कोटींचा प्रकल्प, त्यात केंद्राचे सागरमाला या बंदरविकासाच्या योजनेतून ११७ कोटी. रस्त्याचे ३१० किलोमीटर, पाण्यातून तीस-एकतीस, तासाभराचा प्रवास. दहेज आम्हाला भरूचवरून सव्वाशेच्या आसपास. म्हणजे सकाळी पोहे खाऊन निघालं तर दुपारच्या जेवणाला घोघा! २०१८ च्या ऑक्टोबरात गाड्या नेणारं मोठं जहाजही लागलं. आणि २०१९ च्या सप्टेंबरात दहेजला गाळाने पाणी उथळ झालं म्हणून सेवा थांबली. पुढे तेच जहाज हजिऱ्याला गेलं.

नर्मदेच्या मुखाशी गाळ येणार, खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जाणार, हे घोघ्याच्या कोळ्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. इंजिनिअरांनाही ठाऊक होतंच. घोघ्याला तरंगत्या पॉन्टूनवर टेकलेला बिजागरीचा पूल त्याचसाठी आहे. पाणी चढलं की पूल वर, उतरलं की खाली. पोहोचल्यावर मी धक्क्याच्या खांबांवरचे पट्टे पाहिले. वर कोरडं काँक्रीट, त्याखाली शिंपल्यांची खरबरीत साल, त्याखाली काळसर चिकट चिखल. ओलाव्याची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती.

ऑडिटवाल्याच्या नजरेतून सांगायचं तर गोष्ट अशी. धक्का, पूल, टर्मिनल हा भांडवली खर्च. त्याची फीत कापता येते. गाळ दर वर्षी काढावा लागतो, तो चालू खर्च. त्याची फीत नसते. मी ज्या सरकारी कंपनीत ३४ वर्षं काढली (नाव घेत नाही, पेन्शन तिथूनच येते) तिथे कोट्यवधींचा ट्रान्सफॉर्मर एका सहीत मंजूर व्हायचा आणि त्यातलं तेल गाळायच्या खर्चाची फाइल वर्षभर 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन फिरायची. ट्रान्सफॉर्मर जळला की सगळे मला विचारायचे, पॅरा, म्हणजे ऑडिटचा आक्षेप, कसा ड्रॉप होईल?

माझा भाचा स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला असतो. त्याला माझा स्वभाव माहीत. त्याने तिथल्या संसदेच्या समितीचे व्हिडिओ पाठवले, "मामा, सिरियलपेक्षा हे बघा." आणि खरोखर महिनाभर मी तेच बघत होतो. तिथे बेटांवर जाणाऱ्या फेऱ्यांसाठी २०१५ मध्ये फर्ग्युसन मरीन या गोदीला दोन जहाजांचं काम दिलं, ९ कोटी ७० लाख पौंडांना, २०१८ मध्ये द्यायच्या बोलीवर. २०१७ मध्ये पहिलं जहाज पाण्यात सोडलं तेव्हा खिडक्या बसवलेल्याच नव्हत्या, काळा रंग फासून खिडक्या दाखवल्या होत्या. गोदी बुडाली, २०१९ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. ते पहिलं जहाज, 'ग्लेन सॅनॉक्स', प्रवाशांना घेऊन निघालं २०२५ च्या जानेवारीत. खर्च कित्येक पटींनी वाढून.

मी खुर्चीतून उठलो तो दुसऱ्याच मुद्द्यावर. गोदीने काम बिघडवलं तर पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी घेतलीच नव्हती! अरे, आमच्याकडे केबल टाकणारा कंत्राटदार बँक गॅरंटीशिवाय गेटच्या आत यायचा नाही. त्यांच्या महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये लिहिलं की ही जोखीम मंत्र्यांनी का पत्करली त्याचा लेखी पुरावा सापडत नाही. पण बघा, ते समोरासमोर विचारलं गेलं. एक बाई चष्म्यावरून बघत शांतपणे त्याच प्रश्नावर परत येत होत्या, आणि अधिकारी पाणी पीत होता. हे मी दांडिया बाजारात, पलंगावर पडून, फोनवर पाहिलं.

आपल्याकडे समित्या नाहीत असं मुळीच नाही. लोकलेखा समिती आहे, २२ सदस्यांची, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असा रिवाज. बंदरांचं खातं पाहायला परिवहनाची स्थायी समिती आहे, विजेला ऊर्जेची वेगळी. अहवालही चांगले असतात, मी वाचतो. पण बैठका बंद दाराआड. अधिकाऱ्याने पाणी कधी प्यायलं ते आपल्याला दिसत नाही. मग अहवाल येतो, मग सरकारचं उत्तर येतं, 'नोंद घेतली आहे'. या तीन शब्दांवर मी नोकरीभर राग काढला आहे, आणि खरं सांगायचं तर मीही ते लिहिले आहेत.

बोटीच्या वरच्या डेकवर वारा इतका होता की हिचा पदर एका जागी राहीना. गढूळ, तांबूस पाणी, दोन्ही किनारे दिसेनासे. याच आखाताची भरती ७००० मेगावॅट वीज देऊ शकेल असा जुना सरकारी अंदाज आहे. हे आखात अडवून बांधायचं कल्पसरचं धरण आम्ही तरुणपणापासून ऐकतोय. आता पाळी समुद्रातल्या पवनचक्क्यांची. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने ७४५३ कोटी मंजूर केले, ५०० मेगावॅट गुजरातच्या किनाऱ्यापुढे आणि तेवढेच तमिळनाडूत. त्यातले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा दहेज आठवलं. पवनचक्कीची पाती नेणाऱ्या जहाजालाही तळाखाली पाणी लागतंच की. तो गाळ कोण काढणार, दर वर्षी खर्चाच्या कुठल्या हेडखाली, आणि कंत्राटदाराची हमी किती?

हे मी हिला सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, ते पक्षी बघा." बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागला होता आणि तो पालिताण्याचा मुलगा आमचे गाठिये त्यांना टाकत होता.

घोघ्याला उतरून पाऊण तासात भावनगर. मुंज छान झाली. परतताना वटामणवरून आलो, कारण हिशेब तसाच सांगत होता.

तारे द्यायचे तर सुरतेच्या माणसाने पाच द्यावेत. बडोद्याच्या माणसाने साडेतीन. उरलेला दीड दहेजला पाणी खोल झालं की जमा करीन. पाऊस-वादळात फेरी चालू आहे ना ते निघण्याआधी विचारा, गाडी परतल्यावर खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, आणि तिकीट जावयाकडून काढा. एजंटाला मी काल सहाव्यांदा मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या आहेत, पावती नाही.