चहा की नारळाचं पाणी? जिवाणूंचं कापड कशावर वाढवायचं

कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाच्या, बरणीत वर तरंगणारी जाड, चिकट साय तुम्ही पाहिली असेल. ती सेल्युलोजची असते. कापसात असतं तेच सेल्युलोज, पण इथे ते कोमागाटाइबॅक्टर जातीचे जिवाणू साखर खाऊन विणतात. ही साय सेल्युलोजची आहे हे एड्रियन ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1886 मध्येच दाखवलं होतं. ती धुऊन, फळीवर पसरून वाळवली की चामड्यासारखा ताव हाती येतो. वहीचं कव्हर, दिव्याची शेड, छोटी पाकिटं यांसाठी तो घरी करून बघायचा असेल तर पहिला निर्णय घ्यावा लागतो तो जिवाणूंच्या खाण्याचा. मी पुण्यात चहावर आणि रत्नागिरीत नारळाच्या पाण्यावर, दोन्हीकडे ताव वाढवलेत.

चहाचा रस्ता सोपा आहे. लिटरभर कोरा चहा, त्यात शंभर ग्रॅम साखर, थोडं व्हिनेगर. पूर्ण गार झाल्यावर आधीच्या कोंबुचाचं आंबट पाणी विरजण म्हणून घालायचं आणि वर सुती फडकं बांधायचं. विरजणात जिवाणूंबरोबर यीस्टही असतं. ते साखर फोडून जिवाणूंना सोपी करून देतं, त्यामुळे हे मिश्रण तसं काटक आहे, नवशिक्याच्या चुका पोटात घालतं. ताव तपकिरी होतो आणि खालून यीस्टचे काळपट धागे लोंबतात. ते आधी हातानेच ओढून काढायचे.

पण चहाच्या हिशेबात एक गोष्ट मला सलते. माझा ट्रे 45 बाय 30 सेंटीमीटरचा होता, त्यात सहा लिटर चहा आणि 600 ग्रॅम साखर. तीन आठवड्यांनी दीड सेंटीमीटर जाडीची साय धरली. उचलताना दोन्ही हात लागले, दोन किलोच्या आसपास वजन. वाळल्यावर मात्र तो ताव तीस ग्रॅमही भरला नाही, कारण ओल्या सायीत अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव टक्के पाणीच असतं. साखरेचा बराच भाग आम्लात जातो, बराच तसाच उरतो. उरलेलं पाणी पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरता येतं, पण लागतं थोडंच. आपल्याकडे साखर म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे पाणी. दुष्काळी तालुक्यातल्या उसाची साखर ओतून त्या तावाला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिकायला, नमुने करायला चहा उत्तम. विक्रीसाठी रोज ट्रे लावायचे असतील तर आधी हा हिशेब मांडा.

नारळाच्या पाण्याची बाजू इथेच भक्कम होते. फिलिपाइन्समध्ये 1949 साली तेओदुला कालाव आफ्रिका या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी नारळाच्या पाण्यावर हीच साय वाढवून खाण्याचा पदार्थ केला, नाता दे कोको. आज केरळातली मलाई ही कंपनी नारळ प्रक्रिया करणाऱ्यांकडचं वाया जाणारं पाणी घेऊन त्यावर सेल्युलोज वाढवते आणि त्यात केळीच्या खोडाचे वगैरे तंतू मिसळून चामड्याला पर्याय म्हणून ताव बनवते. तंतू मिसळण्याचा फायदा मोठा आहे. लगदा करून ताव घालता येतो, त्यामुळे एकसंध, न फाटलेली साय मिळालीच पाहिजे असं राहत नाही.

पाणी शहाळ्याचं नको, तयार नारळाचं. शहाळं पिण्यासाठी विकलं जातं, ते वाया जात नाही. खोबऱ्याचे गोटे करणाऱ्यांकडेही जाऊ नका, त्यात पाणी नारळातच आटतं. ओल्या खोबऱ्याचा कीस करणारा कारखाना, वड्या-करंज्यांचे मोठे व्यावसायिक, नारळ फोडून विकणारे, ही खरी ठिकाणं. एका नारळातून जेमतेम कपभर पाणी निघतं, म्हणजे माझ्या ट्रेला पन्नास-साठ नारळ. देवळाबाहेर फुटणाऱ्या नारळांचं पाणीही मी आणून पाहिलं, पण त्यात गुलाल, माती, फुलं. गाळूनही ट्रेला बुरशी धरली.

नारळाचं पाणी थांबत नाही. सकाळी फोडलेलं दुपारी आंबतं, म्हणून आणल्याआणल्या उकळायला हवं. त्याची स्वतःची साखर बेताची असते. मी वरून थोडी घालते, पण चहाच्या मानाने पुष्कळ कमी. व्हिनेगरने आंबटपणा साधला की ताव पांढराशुभ्र येतो. रंग द्यायचा असेल किंवा दिव्याची शेड करायची असेल तर या पांढऱ्याला तोड नाही. वाळलेल्या तावातून उजेड मऊ, दुधी पडतो.

दोन्ही पद्धतींना सारखं काय लागतं? उबदार हवा. कोकणात 28 ते 30 अंश जवळपास आपोआप मिळतात. पुण्यात डिसेंबरच्या रात्री साय धरायचं थांबते, तेव्हा ट्रे उबदार कोपऱ्यात हलवायचा, पण साय धरण्याआधीच. एकदा धरायला लागली की ट्रेला हात लावू नका. मी एकदा फडकं बदलताना ट्रे सरकवला. साय बुडाली, वर दुसरी पातळ धरली आणि वाळल्यावर दोन्ही पापुद्र्यांसारख्या सुटल्या.

आणि दोन्हींची उणीव एकच, पाणी. वाळलेला ताव ओला झाला की पुन्हा फुगतो. लवचीकपणासाठी ग्लिसरीन लावतात, पण ग्लिसरीन हवेतली ओल खेचतं आणि जुलैत ताव हाताला चिकटतो. मेण घासल्याने शिंतोडे निभावतात, पाऊस नाही. चप्पल, रेनकोट किंवा रोजची ऑफिसची बॅग मनात असेल तर घरचा ताव घेऊच नका, तो गिऱ्हाइकाच्या हातात सहा महिने टिकणार नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. घरापासून तासाभरात रोज शे-दोनशे नारळ फुटणारी जागा असेल आणि तिथला मालक पाणी स्वच्छ पातेल्यात धरून द्यायला तयार असेल, तर नारळ. तशी जागा नसेल तर लांबून पाणी आणण्याच्या भानगडीत न पडता चहावर दोन-तीन ताव करून हात बसवा. नारळवाल्याशी बोलताना पैशांआधी पातेल्याचं बोला. माझी सगळ्यात चांगली साय ज्यांच्या पाण्यावर धरली, त्या काकूंनी फोडण्याच्या जागेखाली फक्त एक स्टीलचं घमेलं आणि वर गाळणी ठेवली होती.